झाकणे आणि जपणे

गोंदियाच्या वैशाखातले ऊन कोणाचीही भीड राखत नाही. पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळू लागला की दुपारी बारा ते चार या वेळात बाजारपेठ ओस पडते, भात गिरण्यांच्या आवारातील हमाल सावली धरून बसतात, आणि रस्त्याच्या कडेला उभी असलेली वाहने तेवढी निमूटपणे ते ऊन अंगावर घेत राहतात. अशाच एका वाहनाची ही हकिकत आहे. गावात धान्य-किराण्याचा घाऊक व्यापार करणाऱ्या एका जैन कुटुंबाची ती पांढरी पिकअप. अकरा वर्षांपूर्वी बँकेच्या कर्जावर घेतलेली आणि शेवटच्या हप्त्यापर्यंत एकही हप्ता न चुकवता फेडलेली.

या अकरा वर्षांत तिने पुष्कळ वाहिले. आमगाव आणि सालेकशाच्या बाजूने येणारे नवे तांदूळ, तिरोड्याकडे जाणारी साखर, देवरीच्या दुकानांचा किराणा, आणि एकदा तर लग्नघरची भांडीसुद्धा. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेल्या या जिल्ह्याच्या आठही तालुक्यांची धूळ तिच्या चाकांना लागली होती. पत्र्याचा पांढरा रंग अजून बरा होता. इंजिनही कुरकुर करीत का होईना, साथ देत होते. परंतु तिचे काळे प्लास्टिक पार उतरले होते. पुढचा बंपर, चाकांवरच्या कमानी, आरशांची कवचे, दारांच्या मुठी आणि काचेखालचा वायपरचा पट्टा हे सारे चुलीतल्या राखेसारखे करडे दिसू लागले होते. वाहन पाहणाऱ्याची नजर पहिल्यांदा तिथेच जाई आणि तो मनातल्या मनात तिचे वय चार वर्षांनी वाढवून टाकी.

मुलाने ती विकून नवी घ्यायचे ठरविले, तेव्हा या करडेपणाचा प्रश्न प्रथम उभा राहिला. जुन्या वाहनांची देवघेव करणाऱ्या एका मध्यस्थाने त्याला सल्ला दिला, "प्लास्टिक काळेभोर करून आणा. गिऱ्हाईक पंधरा हजार जास्त देईल." मार्गही त्यानेच सांगितला. जुने इंजिन ऑइल आणि डिझेल यांचे मिश्रण फडक्याने चोळायचे, अर्ध्या तासात बंपर नवाकोरा. मुलाने संध्याकाळी घरी ही गोष्ट सहज सांगितली. जेवता जेवता वडिलांचा हात थांबला.

त्या थांबण्यामागे तीस वर्षांपूर्वीची एक आठवण होती. व्यापाराच्या आरंभी वडिलांनी एक जुना तीनचाकी टेंपो घेतला होता. घरातील दोन बांगड्या मोडून त्याचे पैसे उभे केले होते. विकणाऱ्याच्या दारात उभा असताना तो टेंपो असा चकाकत होता की पाहणाऱ्याने हातच लावावा. जूनमधल्या पहिल्या मोठ्या सरीत त्याच्या कडांवरून काळे ओघळ वाहू लागले. ते दारावर उतरले, दारावरून हौद्यात आले आणि हौद्यातल्या तांदळाच्या चार पोत्यांवर पसरले. तेलाचा वास लागलेला तो तांदूळ कोणी घेतला नाही. पुढे पंधरा दिवसांनी इंजिननेही मान टाकली. त्या वर्षी दुकान बंद करावे की काय, इथपर्यंत वेळ आली होती. काळे ओघळ ही त्या साऱ्या फसवणुकीची पहिली सूचना होती. त्या दिवसापासून चकाकणारी जुनी वस्तू दिसली की वडील आधी तिच्यावरून बोट फिरवून पाहत.

"लावायचे ते लाव," ते मुलाला म्हणाले, "पण पहिल्या पावसात वाहून जाणार नाही असेच लाव. आणि लावले आहे, हे घेणाऱ्याला सांग."

मुलाला हे पटले नाही. सांगायचेच असेल तर लावायचे कशाला, असा त्याचा रोखठोक प्रश्न होता. प्रश्न वरकरणी बिनतोड आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर हे प्लास्टिक करडे का पडते, हे आधी समजून घ्यावे लागते.

वाहनांचे हे काळे भाग बहुधा पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकचे असतात. ते स्वस्त, हलके आणि चिवट असते. लहानसहान धक्क्याने तडकत नाही. त्यावर रंगाचा थर दिलेला नसतो. काळेपणा त्याच्या अंगातच मिसळलेला असतो आणि तो येतो काजळीपासून. आजीच्या काळी दिव्यावर वाटी धरून जी काजळी पाडली जाई, तिचीच ही कारखान्यात तयार झालेली बहीण. ती नुसती शोभेसाठी नसते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण स्वतः शोषून घेऊन ती प्लास्टिकचे रक्षण करते. तिच्या जोडीला रक्षणाची आणखी काही द्रव्येही मिसळलेली असतात. परंतु रोजचे ऊन, रोजची हवा आणि वर्षांमागून वर्षे, यांच्यापुढे हे सारे रक्षक हळूहळू खर्ची पडतात. मग अतिनील किरण आणि हवेतील प्राणवायू मिळून पृष्ठभागावरील प्लास्टिकच्या लांब साखळ्या तोडू लागतात. तुटलेले तुकडे भुकटीसारखे होतात. गुळगुळीत पृष्ठभाग डोळ्यांना न दिसणाऱ्या खाचाखळग्यांनी भरून जातो. अशा खडबडीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश सरळ न परतता चहूकडे विखुरतो, आणि विखुरलेला प्रकाश डोळ्याला पांढुरका दिसतो.

म्हणजे काळा रंग नाहीसा झालेला नसतो. तो आत जिथल्या तिथे असतो. वर साचलेल्या जीर्ण थरामुळे तो दिसत नाही एवढेच.

हे शास्त्र त्या घरात सर्वांत आधी उमगले ते ऐंशीच्या घरातल्या आजीला, आणि तेही कोणतेही पुस्तक न वाचता. अंगणात उभ्या असलेल्या पिकअपच्या बंपरवर तिने पदराचे ओले टोक फिरविले. तेवढा पट्टा क्षणात काळाभोर झाला. "शाळेतली पाटी अशीच असायची," ती म्हणाली. "ओली केली की काळी, वाळली की पुन्हा करडी." पाहता पाहता तो पट्टा वाळला आणि पुन्हा राखेच्या रंगाचा झाला. पाण्याने खाचा भरल्या की प्रकाश विखुरत नाही आणि काळेपणा दिसतो. पाणी उडाले की मूळ अवस्था परत येते. तेल काय, बूटपॉलिश काय किंवा बाजारातले चकाकी आणणारे सिलिकॉनचे द्रव काय, यांचे काम या ओल्या पदरासारखेच असते. पाणी दोन मिनिटांत उडते, तेल दोन आठवड्यांत. आणि जाईपर्यंत ते रस्त्यावरची धूळ धरून ठेवते. काही जण गरम हवेच्या यंत्राने पृष्ठभाग किंचित वितळवून सपाट करतात. त्याने काळेपणा खरोखर परततो, पण खर्ची पडलेले रक्षक काही परतत नाहीत. त्यामुळे ऊन आपले काम पुन्हा सुरू करते. शिवाय हात जरा चुकला तर बंपर वाकडा होतो आणि शेजारचा रंग करपतो.

बँकेच्या जगात याला समांतर असा एक शब्द आहे, विंडो ड्रेसिंग. ३१ मार्चच्या संध्याकाळी ठेवींचा आकडा फुगलेला दिसावा म्हणून कोणाकडून तरी मोठी रक्कम एका रात्रीपुरती मागून आणायची आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती परत जाऊ द्यायची. ताळेबंदावरचा आकडा त्या दिवसापुरता खराच असतो. खोटा असतो तो त्यातून पाहणाऱ्याच्या मनात उत्पन्न होणारा समज. डिझेलने काळा केलेला बंपरही असाच ३१ मार्चचा असतो.

याच्या उलट घसाऱ्याची गोष्ट आहे. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी ही पद्धत पहिल्या-दुसऱ्या वर्षालाच शिकतो. घटत्या बाकीवर दरवर्षी १५ टक्के घसारा धरला तर १०० रुपयांच्या वस्तूची पुस्तकी किंमत अकरा वर्षांनी सुमारे १७ रुपये उरते. ही पद्धत वस्तूचे वय लपवीत नाही. दरवर्षी ते शाईने लिहून ठेवते. पण तिची एक गंमत अशी की या हिशेबात किंमत कितीही घटली तरी शून्य कधीच होत नाही. काहीतरी शिल्लक राहतेच. जे शिल्लक आहे ते ओळखून सांभाळणे, याला जपणे म्हणावे. जे गेले आहे ते आहे असे भासविणे, याला झाकणे म्हणावे. दोन्हींत फडके एकच असते, हातही तोच असतो. म्हणूनच घोटाळा होतो.

शेवटी घरात ठरले ते असे. प्लास्टिकवर टिकाऊ लेप द्यायचा. पृष्ठभागाला घट्ट धरून बसणारा, वाळून कडक होणारा आणि अतिनील किरणांना अडविणारा. बाजारात सिरॅमिक लेप या नावाने जे द्रव मिळतात, त्यांतील प्लास्टिकसाठीची एक लहान बाटली मुलाने नागपुरहून आणविली. बाटली दीड हजारांच्या आतबाहेर पडली. त्याआधी दुकानात मेणाच्या पॉलिशचा एक डबाही त्याला स्वस्तात दाखविण्यात आला होता. त्याचे नाव निघताच आजीने विचारले, "मेण कसले?" डब्यावर मधमाश्यांच्या मेणाचा उल्लेख होता. वनस्पतीपासूनचे मेणही असते. ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे कार्नोबा मेण वाहनांच्या पॉलिशमध्ये पुष्कळ वापरतात. परंतु तो डबा तसा नव्हता. ज्या घरात मध ताटात येत नाही, त्या घरात तो बंपरवर तरी कसा यावा? डबा दुकानातच राहिला.

रविवारी पहाटे साडेपाचला काम सुरू झाले. वेळ मुद्दाम निवडलेली होती. लेप थंड पृष्ठभागावर आणि सावलीत द्यावा लागतो. तापलेल्या प्लास्टिकवर तो पसरण्यापूर्वीच वाळतो आणि डाग राहतात. गोदामाच्या पत्र्याच्या छपराखाली पिकअप आदल्या रात्रीच आणून ठेवली होती. प्रथम उजव्या आरशाच्या कवचामागे राहणाऱ्या कोळ्याला आजीने कागदाच्या घडीवर घेऊन भिंतीपाशी सोडले. मगच पाणी आले.

धुण्यातच पहिला तास गेला. प्लास्टिकच्या दाणेदार पृष्ठभागात अकरा वर्षांचा मळ बसलेला होता आणि फडके त्यात पोहोचत नव्हते. मग जुने दात घासायचे ब्रश निघाले. साबणाचे पाणी, ब्रशाचे गोल फेरे, पुन्हा स्वच्छ पाणी. खाली वाहणारे पाणी पहिल्यांदा तपकिरी, मग करडे आणि शेवटी नितळ झाले. काचेखालच्या पट्ट्याच्या सांध्यांतून धानाचा भुसासुद्धा निघाला. त्यानंतर कोरड्या फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन प्रत्येक भाग पुसला. पूर्वी कधी लावलेल्या तेलाचा किंवा पॉलिशचा अंशही राहिला तर नवा लेप धरत नाही आणि तुकड्यातुकड्यांनी सुटतो. या कामात सर्वाधिक चुका इथेच होतात, कारण लेप देण्याची घाई झालेली असते आणि धुण्याचे श्रेय कोणी देत नाही.

पूर्ण वाळल्यावर पांढऱ्या रंगाच्या कडांवर कागदी चिकटपट्टी लावली. लेपाचा थेंब पत्र्यावर वाळला तर तो काढता काढता नाकी नऊ येतात. मागच्या चाकाच्या कमानीवर, सहज न दिसणाऱ्या जागी, आधी एक थेंब लावून पाहिला. रंग नीट येतो, डाग पडत नाही, याची खात्री झाली. मग हातमोजे घालून, स्पंजच्या लहान तुकड्यावर मोजके थेंब घेऊन आधी आडवे आणि मग उभे असे फेरे सुरू झाले. थर जितका पातळ तितका चांगला. एका हाताएवढा भाग झाला की वर राहिलेला जादा द्रव मऊ फडक्याने लगेच टिपायचा, तो राहिला तर पट्टे उमटतात. मुलगा लेप देत होता, वडील टिपत होते. दुकानाच्या गादीवर वर्षानुवर्षे शेजारी बसूनही बापलेकांनी एकाच वस्तूवर असे चार हात क्वचितच चालविले असतील.

बंपरच्या डाव्या टोकाशी आल्यावर वडिलांनी मुलाचा हात धरला. "एवढा भाग राहू दे."

तळहाताएवढा तो तुकडा होता. तो धुतलेला होता, पण लेपाविना करडाच होता. सगळा बंपर काळाभोर आणि कोपऱ्यात एक राखेचा चौकोन. मुलाला ते विचित्र वाटले.

"घेणाऱ्याला दाखवायला," वडील म्हणाले. "आधी काय होते ते त्याला कळू दे. मग आवडले तर घेईल."

लेपाला पाणी न लागू देता पुरता एक दिवस ठेवायचे होते. सोमवारी पिकअप बाहेर काढली तेव्हा शेजारच्या दुकानदारांनी ओळखली नाही. तिचे वय काही कमी झालेले नव्हते. पण वय झालेले माणूस आंघोळ करून स्वच्छ धोतर नेसून बसावे, तशी ती दिसत होती. धोतर नेसल्याने वय लपत नाही. त्याने आब राहतो.

गिऱ्हाईक आले ते सालेकसा तालुक्यातल्या एका खेड्यातून. पंचविशीतला तरुण, आठवडी बाजारांत भाजीपाला पोहोचविण्याचा धंदा सुरू करू पाहणारा. सोबत आई होती आणि आईच्या मांडीवर कापडी पिशवी. त्या पिशवीकडे पाहून वडिलांना तीस वर्षांपूर्वीच्या दोन बांगड्या आठवल्या असतील तर नवल नाही. तरुणाने बंपरवरून हात फिरविला आणि तो खूश झाला. तेव्हा वडिलांनी त्याला कोपऱ्यातला करडा चौकोन दाखविला. "सगळे असेच होते. आम्ही लेप दिला आहे. दीडएक वर्षाने पुन्हा द्यावा लागेल."

मग त्यांनी गादीखालून एक कागद काढला. त्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात पाच कलमे होती. क्लच प्लेट झिजत आली आहे. डाव्या बाजूचा मागचा पाटा एकदा तुटून बदललेला आहे. बॅटरी तीन वर्षांची. मागचे दोन टायर पुढच्या पावसाळ्यापर्यंतच. डाव्या दाराचे कुलूप हिवाळ्यात अडते. सहाव्या ओळीत हेही लिहिले होते की आठ वर्षांवरील मालवाहू वाहनाला योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते, त्याचा खर्च धरून चालावे.

वाहन विकताना नमुना २९ आणि नमुना ३० भरावे लागतात. कर्ज फिटल्यावर बँकेचा बोजा उतरविण्यासाठी नमुना ३५ असतो. सारे नमुने व्यवस्थित आखलेले आहेत. परंतु क्लच प्लेट किती झिजली आहे, हे लिहिण्याचा रकाना त्यांपैकी एकातही नाही. तो रकाना ज्याचा त्याने आखून घ्यायचा असतो.

कागद वाचून तरुण बराच वेळ गप्प राहिला. मग संकोचाने म्हणाला, "एवढं काम हाये तं मंग थोडं कमी करा ना जी." त्याने बारा हजार कमी मागितले, दहा हजारांवर व्यवहार ठरला. मध्यस्थाने सांगितलेले पंधरा हजार तर मिळाले नाहीतच, उलट पदरचे दहा हजार गेले आणि बाटलीचे दीड हजार वेगळे. मुलाने रात्री तो हिशेब मोठ्याने करून दाखविला. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. नव्या वाहनाचा हप्ता त्यालाच भरायचा होता. वडिलांनी त्याची समजूत घातली नाही, उपदेशही केला नाही. ते एवढेच म्हणाले, "त्या वेळी मला असा कागद कोणी दिला असता, तर तेवढे दहा हजार मी आनंदाने दिले असते." तीस वर्षांपूर्वीचे ओघळ मुलाने पाहिलेले नव्हते, ते त्याने त्या रात्री प्रथम तपशिलाने ऐकले.

पावसाळा आला आणि गेला. दिवाळीच्या सुमारास तो तरुण नव्या तांदळाचे एक पोते घेऊन दुकानासमोर थांबला, घरच्या शेतातले म्हणून. मुलगाच बाहेर गेला. पिकअपवर चिखलाचे शिंतोडे होते, पण बंपर काळाच होता. बोलता बोलता तरुणाने समोरचा कप्पा उघडून तो कागद काढला. घड्यांवर विरत चाललेला तो कागद त्याने टिकवून ठेवला होता. क्लच प्लेट आणि टायर या ओळींपुढे बरोबरची खूण केलेली होती. पाच कलमांतली दोन कामे झाली होती.

मुलाची नजर बंपरच्या डाव्या टोकाकडे गेली. करडा चौकोन तसाच होता.

"हा का नाही काळा केलास?" त्याने विचारले.

"राहू दिला जी," तरुण म्हणाला. "उद्या मीही विकीन तं घेनाऱ्याले दाखवाले लागन."

त्या दिवशी मुलाने पोते आत आणून ठेवले आणि आपल्या नव्या पिकअपच्या कागदपत्रांच्या पाकिटात एक कोरा कागद घालून ठेवला. वर फक्त तारीख लिहिली. बाकी ओळी पुढची वर्षे भरतील.